‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणण्यापूर्वी

आमच्या वाडीतल्या तात्यांनी चहाचा कप खळ्यात भिरकावल्याचे मी लहानपणी पाहिले आहे. चहा निवला होता, एवढेच निमित्त झाले. कप तुळशीच्या कट्ट्यावर आपटून फुटला, काकू काही न बोलता माजघरात निघून गेल्या आणि शेजारच्या पडवीतून कोणीतरी नेहमीप्रमाणे म्हणाले, ‘‘त्येंचो स्वभावच तसो.’’ पुढे जे घडले ते पाहायला कोणी थांबले नव्हते. तात्या पायऱ्या उतरून खाली आले, उकिडवे बसले आणि कपाच्या ठिकऱ्या एकेक करून डाव्या तळहातावर गोळा करू लागले. शेणाने सारवलेल्या जमिनीत रुतलेला एक बारीक तुकडा त्यांनी नखाने उकरून काढला आणि आणखी काही राहिले नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहिले. चेहऱ्यावर रागाचा मागमूस उरला नव्हता. दिसत होता तो थकवा, आणि तो त्या दिवसाच्या कामाचा खासच नव्हता. त्या रात्री ते जेवले नाहीत.

तात्या मुंबईत एका कापड गिरणीच्या साचा खात्यात, म्हणजे मागांवर, कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, आणि कोकणातल्या कितीतरी वाड्यांमध्ये ऐन उमेदीतले पुरुष ट्रंक घेऊन परत आले. कोणी बागायत धरली, कोणी दुकान टाकले, कोणी पुन्हा मुंबई गाठून मिळेल ते काम पत्करले. तात्या पडवीत बसले. दिवसा ते चिडत आणि रात्री गप्प होत. गावाने या दोन गोष्टींना दोन वेगळी नावे दिली. चिडणे हा स्वभाव, आणि स्वभावाला औषध नाही. गप्प होणे हे बाहेरचे काहीतरी, त्यासाठी देवळात कौल लावायचा. एकाच दुखण्याचे हे दोन तुकडे असतील, अशी शंका पंचवीस वर्षांत कोणाला आली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की राग आणि नैराश्य ही पुष्कळदा एकाच असहायतेची दोन टोके असतात, आणि रागाचे टोक ‘स्वभाव’ म्हणून सोडून दिले की नैराश्याचे टोकही हाती लागत नाही.

आपल्या भाषेला हे ठाऊक आहे. ‘कुढणे’ या क्रियापदात राग किती आणि दुःख किती, हे वेगळे काढून दाखवता येणार नाही. धुमसणे, चरफडणे, जिवाला लावून घेणे हे शब्दही त्याच सीमेवर उभे आहेत. मानसशास्त्राने तिथे पोहोचायला बरीच वळणे घेतली. विषण्ण माणूस स्वतःला जे बोल लावतो ते मुळात गमावलेल्या दुसऱ्या कोणाला तरी लावायचे असतात, असे फ्रॉइडने १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. राग आत वळला की नैराश्य होते, हे सरधोपट सूत्र तेथून रूढ झाले. पुढच्या संशोधकांनी ते जसेच्या तसे स्वीकारले नाही, आणि तेही योग्यच झाले. १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी रुग्णांच्या विचारांकडे लक्ष वेधले: मी नालायक आहे, जग माझ्या विरोधात आहे, पुढे काही बरे होणार नाही. रागावलेल्या माणसाच्या मनातले वाक्य याहून फारसे दूर नसते. माझे वाटोळे झाले, इथपर्यंत दोघेही बरोबर चालतात; ते कोणी केले, या प्रश्नापाशी वाट फुटते. बोट दुसऱ्याकडे गेले की राग, स्वतःकडे वळले की नैराश्य. तात्यांसारख्या माणसाचे बोट सकाळी एकीकडे आणि रात्री दुसरीकडे असते.

१९६७ साली सेलिग्मन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. काहीही केले तरी विजेचा धक्का चुकत नाही, असा अनुभव ज्यांना दिला गेला, त्यांच्यातले बरेच कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागचे हलले नाहीत. आपल्या करण्याने काही बदलत नाही, हे ते शिकले, असा अर्थ तेव्हा लावला गेला आणि ‘शिकलेली असहायता’ ही संज्ञा जन्मली. मात्र याच दोघांनी जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूच्या अभ्यासाच्या आधारे आपलाच निष्कर्ष उलटा केला. दीर्घ संकटात गलितगात्र होणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते हे की आपल्या हातात काही आहे. मला ही दुरुस्ती मूळ प्रयोगाहूनही मोलाची वाटते, कारण कोकणाच्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत जे चालले आहे ते तिच्यामुळे नीट समजते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरूडपासून दापोली, मंडणगडपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले, आणि त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले व महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पोफळ लावल्यापासून पीक हाती यायला पाच-सहा वर्षे लागतात, माडाला त्याहूनही अधिक. साठीच्या बागायतदाराला ‘पुन्हा लागवड करा’ असे सांगताना आपण त्याला काय सांगत असतो, याचा विचार व्हायला हवा. त्याच्या आजोबांनी लावले, त्याने राखले, आणि आता तो जे लावील त्याचे फळ पाहायला तो असेलच याची खात्री नाही. मुलगा तर नालासोपाऱ्याला आहे. आंब्याचेही तेच. मोहोर उत्तम आला, फवारण्या वेळेवर झाल्या, आणि फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या उष्म्याने किंवा अवकाळी सरीने सगळी गळ झाली, तर मेहनत आणि फळ यांच्यातला धागाच तुटतो. हा धागा वर्षानुवर्षे तुटत राहिला की मन हात आखडून घेते. पैशाचे नुकसान त्यात असतेच; पण पैसा भरून आला तरी तो धागा आपोआप जुळत नाही, आणि भरपाईच्या पंचनाम्यात त्यासाठी रकाना नाही.

अशा वेळी राग काय करतो? राग माणसाला सांगतो की अजून तुझ्या हातात काहीतरी आहे. आमच्या तात्यांचा गडग्यावरून चुलतभावाशी वाद होता. जांभ्या दगडांचा तो कंबरभर उंचीचा गडगा दीड हात सरकवला गेला, असा त्यांचा दावा होता, आणि रोज सकाळी ते फणसाच्या बुंध्यापासून गडग्यापर्यंत काठीने अंतर मोजत. लोक हसत. आता मागे वळून पाहताना मला वाटते की त्या मोजण्यानेच त्यांना उठून उभे राहायला लावले. मुंबईतली गिरणी, संप, फंडाचे अडकलेले पैसे, यांतले काहीच त्यांच्या कक्षेत नव्हते, गडगा होता. दिवाणी दाव्याच्या तारखा होत्या, त्यासाठी इस्त्री केलेला सदरा घालून तालुक्याला जावे लागत होते. कोकणातल्या भाऊबंदकीच्या दाव्यांविषयी पुष्कळ चेष्टेने लिहिले गेले आहे. गुंठाभर जमिनीसाठी तिच्या किमतीच्या दसपट खर्च करणारा माणूस मूर्ख ठरतो. पण तो जमिनीसाठी भांडत नसतो. एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही मयत, कोणाचा हिस्सा कुठे ते कोणालाच सांगता येत नाही, अशा अवस्थेत ‘हे माझे’ म्हणण्याची ती धडपड असते. राग हा त्याच्यापाशी शिल्लक राहिलेला शेवटचा आधार असतो. म्हणून ‘राग सोड’ हा उपदेश त्याला पटत नाही. तो सोडला तर खाली काय आहे, हे त्याला रात्री कळलेले असते.

गणपतीच्या दिवसांत ही गोष्ट विशेष तीव्रतेने दिसते. वर्षभर कुलूप असलेली घरे उघडतात, चाकरमानी येतात, आरत्या होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घराच्या दुरुस्तीचा खर्च किंवा आंब्याचा हिशोब यावरून मोठ्या आवाजात बोलणे सुरू होते. गावी राहणारा भाऊ अकरा महिने म्हाताऱ्यांचे औषधपाणी करतो, कौले शाकारतो, वानर हाकतो. त्याची अपेक्षा पैशापेक्षा कोणीतरी हे बोलून दाखवावे एवढीच असते. मुंबईकर भाऊ दहा बाय बाराच्या खोलीतून कर्ज काढून आलेला असतो, आणि त्याचीही अपेक्षा तशीच. दोघेही आपापल्या जागी दुखावलेले, दोघांनाही दुखणे बोलता येत नाही, भांडणे मात्र बोलता येते. पाचव्या दिवशी विसर्जन होते, गाड्या निघून जातात, आणि नंतरच्या आठवड्यात गावातली वयस्कर माणसे ज्या प्रकारे मलूल होतात, त्याला आपल्याकडे साधे नावही नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा २०११ च्या जनगणनेत घटलेली आढळली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुलींचे स्वागत अधिक होते म्हणून हा आकडा वाढलेला नाही. पुरुष पोटापाण्यासाठी बाहेर गेले म्हणून तो तसा दिसतो. मागे राहिलेल्या बाईच्या मनाचे काय होते, याचे उत्तर शोधताना मला लंडनमधल्या एका अभ्यासाची मदत झाली. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७८ मध्ये कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांविषयी दाखवून दिले की मोठे संकट आल्यावर कोण नैराश्यात जाईल हे बरेचसे चार गोष्टींवर ठरते: मन मोकळे करण्याजोगे जवळचे माणूस नसणे, लहानपणी आई गमावणे, घरात तीन किंवा अधिक लहान मुले असणे आणि घराबाहेरचे काम नसणे. यांतली पहिली गोष्ट आमच्याकडच्या दोन पिढ्यांच्या स्त्रियांना चपखल लागू पडते. नवरा मुंबईला, पत्र महिन्याने, तेही सासऱ्यांनी वाचून दाखवलेले. तिला राग येत नसे असे कोण म्हणेल? पण पुरुषाचा राग ‘स्वभाव’ ठरे आणि तिचा ‘कजागपणा’, म्हणून तो बोलण्यातून न येता डोकेदुखीतून, छातीच्या धडधडीतून, अंग मोडून येण्यातून बाहेर पडे. आजही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत अशा तक्रारी घेऊन बसलेल्या स्त्रिया दिसतात, आणि त्यांना बहुधा कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात.

रवंथ हा शब्द आपण गुरांसाठी वापरतो आणि माणसांसाठीही. सुसान नोलेन-होक्सेमा यांनी १९८० च्या दशकापासून याच सवयीचा अभ्यास केला. आपल्या दुःखाची कारणे आणि परिणाम पुन्हा पुन्हा मनात घोळवणारी माणसे, स्वतःला दुसऱ्या कशात गुंतवणाऱ्या माणसांपेक्षा अधिक काळ उदास राहतात, असे त्यांना आढळले. रागाचेही तसेच आहे. अपमान आठवला की तो ताजा होतो. रिकाम्या घरात या रवंथाला अडवणारे कोणी नसते. पहाटे तीनला जाग येते, पाऊस कौलांवर पडत असतो आणि चाळीस वर्षांपूर्वीचे वाक्य कानांत वाजू लागते.

आता ‘बाहेरचे’ उतरवणाऱ्या भगताकडे वळतो, आणि इथे मला सावधपणे लिहायचे आहे, कारण तिथे जाणाऱ्यांची टवाळी करून काही साधत नाही. भगत अर्धा तास ऐकून घेतो. दवाखान्यात तीन मिनिटे मिळतात. त्याच्याकडून माणूस हलका होऊन येतो, हे मी पाहिले आहे. मात्र तो हलकेपणा कुठून येतो? ‘हे तुझे नाही, कोणीतरी केले आहे’ असे त्याने सांगितलेले असते. स्वतःकडे वळलेले बोट तो दुसऱ्याकडे वळवतो, म्हणजेच नैराश्याचे रागात रूपांतर करतो, आणि ते बोट पुष्कळदा ‘घरातल्याच’ माणसाकडे, शेजारच्या विधवेकडे किंवा दुरावलेल्या भावाकडे रोखले जाते. एकाचा जीव हलका होतो आणि दुसऱ्या घराशी तीन पिढ्यांचा अबोला सुरू होतो. हा सौदा मला मान्य नाही.

‘एकदाचे मनातले भडाभडा ओकून टाक’ हाही सल्ला तितकाच लोकप्रिय आहे, आणि शिमग्यातल्या बोंबा त्याचे समर्थन म्हणून सांगितल्या जातात. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये केलेल्या प्रयोगात, चिडवलेल्या ज्या लोकांनी आपल्याला डिवचणाऱ्या माणसाची आठवण ठेवून पंचिंग बॅगवर ठोसे मारले ते सर्वाधिक रागावलेले आणि आक्रमक राहिले. काही न करता स्वस्थ बसलेले त्यांच्यापेक्षा शांत झाले. शिमग्यात माणसे मोकळी होतात ती बोंब मारल्याने होतात, असे मला वाटत नाही. पालखी खांद्यावर घेताना शेजारी ज्याच्याशी बोलणे नाही तोही असतो, आणि पावले त्याच्याशी जुळवावी लागतात, त्याने होत असावीत.

माझ्या म्हणण्याचा दुरुपयोग होऊ शकतो, याची मला जाणीव आहे. बायकोवर हात उचलणाऱ्याला ‘तो बिचारा निराश आहे’ असे म्हणून सोडता येणार नाही. कारण सांगणे म्हणजे माफी देणे नव्हे, आणि मार खाणाऱ्या बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण आधी मिळाले पाहिजे, नवऱ्याच्या मनाचा विचार नंतर. तसेच सगळा राग हा आजार नसतो. पर्ससीनच्या अजस्र जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने समुद्र उपसला जात असताना किनाऱ्यावरून जाळे ओढणारा रापणकार चिडतो, किंवा आपल्या सड्यावर, म्हणजे गावच्या कातळपठारावर, काय उभे राहणार हे आपल्याला न विचारता ठरवले म्हणून गाव चिडते, तेव्हा त्या रागाला रस्ता आणि सोबती दोन्ही असतात. त्यावर गोळ्या देऊ पाहणारा समाजच आजारी म्हणावा लागेल. मी बोलतो आहे ते एकट्याच्या, वाट न सापडलेल्या, घरातल्या दुबळ्यांवर निघणाऱ्या आणि रात्री स्वतःवर उलटणाऱ्या रागाविषयी.

या रागाची नोंद आपली आरोग्यव्यवस्था घेत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत लहान आणि किशोरवयीन मुलांच्या बाबतीत चिडचिड हे नैराश्याचे लक्षण मानले जाते. प्रौढांसाठीच्या नऊ लक्षणांत ते नाही. नैराश्याच्या चाचणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांतही रागाविषयी प्रश्न नाही, आणि तिशीपुढच्या माणसांसाठी आशाताई घरोघरी जे पत्रक भरतात, त्यात उदासीविषयीचे त्यांतलेच पहिले दोन प्रश्न आहेत: कशात रस वाटत नाही का, उदास किंवा हताश वाटते का. तात्यांना कोणी हे विचारले असते तर त्यांनी ‘काय एक नाय’ म्हणून तिला वाटेला लावले असते. वास्तविक १९९० च्या दशकात मॉरिझिओ फाव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याचे रुग्ण तपासले तेव्हा साधारण तिघांतल्या एकाला प्रसंगाला न साजेशा रागाचे झटके येत असल्याचे दिसले, आणि नैराश्यावर उपचार केल्यावर त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचे झटके थांबले. म्हणजे ज्या ‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण म्हणत होतो, त्यातल्या काहींना औषध होते.

बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपले चित्र वेगळे असेल असे मानायला काही आधार नाही. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, पण तिकडे जाणे म्हणजे ‘वेडा ठरणे’ ही भीती इतकी खोल आहे की ‘रत्नागिरीक धाडूक व्हया’ ही कोकणात शिवी आहे. त्यामुळे उत्तर वाडीजवळच शोधावे लागेल, आणि ते शेजारच्या गोव्यात सापडलेले आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींचा एक साधा उपचार केला. त्याचा गाभा असा की रुग्णाने, मन लागो न लागो, त्याला पूर्वी अर्थपूर्ण वाटणारी लहान कामे ठरवून पुन्हा सुरू करायची. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मेहनत आणि फळ यांच्यातला तुटलेला धागा पुन्हा जोडणे याहून वेगळे ते काही नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा एक माणूस नेमावा, आणि आशाताईंच्या पत्रकात ‘हल्ली लहानसहान गोष्टींवरून चिडता का, आणि नंतर वाईट वाटते का’ हा तिसरा प्रश्न घालावा, ही माझी मागणी आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक सुरू आहे. तो रेशन दुकानाच्या आणि मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लिहिला गेला तर खर्च एका डबा रंगाचा येईल.

तात्यांना असा एक प्रश्न अखेर विचारला गेला, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. रक्तदाबासाठी ग्रामीण रुग्णालयात नेले असताना तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पट्टा सोडता सोडता सहज विचारले, ‘‘काका, पहाटे किती वाजता जाग येते?’’ तात्या म्हणाले, ‘‘तीन.’’ किती वर्षांपासून, असे विचारल्यावर ते बराच वेळ बोटे मोजत राहिले. गोळ्या सुरू झाल्या. बाईंनी घरात हाताने करण्याजोगे काय आहे तेही विचारून घेतले, आणि पावसाळ्यात, एकेकाळी साचे चालवणाऱ्या त्या हातांनी माळ्यावरची मोडकी बाज खाली काढून तिला नवा सुंभ विणला. गडग्याचा दावा अजून संपलेला नाही. गेल्या मे महिन्यात मी काकूंना तात्यांविषयी विचारले, तेव्हा त्या कोकमे फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘रागावतत अजून. पण रातचे जेवतत.’’